तंबोऱ्याची जवारी आणि रामन यांचे वाद्यलेख

आमच्याकडे संगीताविषयीं लिहिणाऱ्यांचे दोन वर्ग पडले आहेत, आणि त्यांची परस्परांशीं गांठ क्वचितच पडते. पहिला वर्ग रसिकांचा. गवयाची तान, मैफलीचा रंग, पहाटेची भैरवी यांचें वर्णन करतांना त्यांची लेखणी थकत नाहीं; परंतु हा स्वर वाद्यांतून निघतो तरी कसा, असें कोणी विचारलें तर तो प्रश्न त्यांना अरसिकपणाचा वाटतो. दुसरा वर्ग शास्त्रविषयाचीं पाठ्यपुस्तकें लिहिणाऱ्यांचा. त्यांच्या पुस्तकांत तार आहे, कंप आहे, लाटांच्या आकृत्या आहेत. परंतु ती तार लिहिणारानें कधीं ऐकली होती, असें पुस्तक वाचून वाटत नाहीं. एकाला कान आहे पण माप नको. दुसऱ्याजवळ माप आहे पण कान नाहीं. ह्या दोन वर्गांच्या मध्यें जी ओसाड जागा राहिली आहे, तेथें थोडेसें लेखन फार दिवसांपासून उभें आहे. त्याची वास्तपुस्त मराठी वाचकानें घेतली पाहिजे, असें वाटल्यावरून त्याचें परीक्षण येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें लेखन चंद्रशेखर वेंकट रामन यांचें. प्रकाशाच्या विकिरणावरील शोधाबद्दल १९३० चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें, हें शाळेंतलें मूलही सांगेल. परंतु त्या शोधाच्या आधीं कित्येक वर्षें हा गृहस्थ वाद्यांच्या नादीं लागलेला होता, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. सरकारी हिशेबखात्यांतील नोकरीच्या निमित्तानें १९१० च्या सुमारास ते कांहीं काळ आपल्या नागपुरासही होते. पुढें कलकत्त्यास दिवसा कचेरी आणि उरल्या वेळांत प्रयोगशाळा असा त्यांचा क्रम चालला. १९२० सालीं 'नेचर' ह्या विलायती साप्ताहिकांत शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनीं आमच्या तालवाद्यांवर एक लहान टिपण छापलें. १९२१ सालीं कलकत्त्याच्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ह्या संस्थेच्या कार्यवृत्तांत तंबोरा आणि वीणा यांवरचा लेख आला. १९३४ सालीं बंगळूरच्या विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तांत त्यांनीं तालवाद्यांचा विषय पुन्हां हातीं घेऊन पुरा केला. तिन्ही लेख मिळून वीस पानेंही भरणार नाहींत. परंतु कोणत्याही जाड ग्रंथानें आमच्या वाद्यांविषयीं जें सांगितलें नव्हतें, तें ह्या पानांत सांगितलेलें आहे.

लेखांकडे वळण्यापूर्वीं थोडी जमीन साफ करूं. ध्वनि म्हणजे हवेचा प्रवास नव्हे, तर हवेला बसलेल्या धक्क्याचा प्रवास होय. हें वाक्य वाचून पाठ होतें, पण पटत नाहीं. तें पटवून घ्यावयाचें असेल त्यानें नाशकांतील आमच्या द्वारकेस यावें. ही द्वारका यादवांची नव्हे. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता जेथें एकमेकांस मिळतात तो हा चौक, आणि येथील वाहनांची कोंडी साऱ्या जिल्ह्यास परिचित आहे. रांग थांबलेली असते. पुढचें वाहन हातभर सरकतें, मग त्याच्या मागचें, मग त्याच्याही मागचें. प्रत्येक वाहन हलतें तें हातभरच. पण रांग हलल्याची वार्ता हां हां म्हणतां शेवटच्या रिक्षापर्यंत पोंचते. हवेंतली लाट अशीच चालते. फरक एवढाच कीं, हवेचे कण पुढें सरकून पुन्हां मूळ जागीं परत येतात, आणि हें जाणें-येणें स्वराच्या उंचीप्रमाणें एका सेकंदांत शेंकडों, क्वचित् हजारों वेळां घडतें. ही वार्ता सेकंदाला सुमारें ३४० मीटर वेगानें जाते. पंचवटींत वाजलेली घंटा दोन किलोमीटरांवर ऐकूं यावयास सहा सेकंद लागतील. पंचवटींतली हवा मात्र पंचवटींतच राहील.

ह्याच चौकांत दुसराही एक धडा मिळतो. एकेका गाडीचा हॉर्न वेगळा काढून ऐकला तर तो स्वरच आहे, कारण त्याचे धक्के नियमित कालानें येतात. पण पन्नास हॉर्न एकदम वाजले कीं त्यांचा गोंगाट होतो. असें कां व्हावें? त्या पन्नास आवाजांच्या कंपनसंख्यांत एकमेकींशीं कसलेंच नातें नसतें, म्हणून. नादाच्या शास्त्रांतील मुख्य प्रश्न कंपाचा नाहीं. कंप कशांतही निर्माण होतो. मुख्य प्रश्न नात्याचा आहे, आणि रामन यांच्या तिन्ही लेखांचा विषय खरोखर हाच आहे.

ताणलेली तार हीं नातीं जन्मतःच घेऊन येते. ती छेडली म्हणजे सबंध तर हलतेच. शिवाय तिचे दोन अर्ध, तीन तृतीयांश, चार चतुर्थांश असे भाग एकाच वेळीं आपापल्या गतीनें हलत असतात. सबंध तारेचीं कंपनें सेकंदाला १०० असलीं, तर ह्या भागांचीं २००, ३००, ४००, ५०० अशीं होतात. त्यांतून निघणाऱ्या स्वरांना आपण उपस्वर म्हणूं. मूळ स्वर षड्ज धरला तर दुसरा उपस्वर वरच्या सप्तकांतला षड्ज, तिसरा त्याच्यावरचा पंचम, चौथा पुन्हां षड्ज आणि पांचवा गांधार. नीट मिळविलेल्या तंबोऱ्यांतून कोणी न छेडलेला गांधार बोलूं लागतो. त्याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात, आणि नवशिक्या श्रोत्याला तो कांहीं सिद्धीचा प्रकार वाटतो. सिद्धि त्यांत आहेच, परंतु ती खर्जाच्या तारेच्या पांचव्या उपस्वराची. मूळ स्वर एकच असतां सारंगीचा नाद सतारीहून वेगळा कां वाटतो, ह्याचें उत्तर बव्हंशीं ह्या उपस्वरांच्या कमी-अधिक बळांत आणि तें बळ कालानुसार कसें बदलतें ह्यांत सांपडतें.

आतां नियम असा कीं, उपस्वर वाजत असतां तारेवरचे कांहीं बिंदु स्थिर राहतात. दुसऱ्या उपस्वराचा स्थिर बिंदु तारेच्या ऐन मध्यावर असतो. तार जर मध्यावरच छेडली, तर जो बिंदु दुसऱ्या उपस्वरासाठीं स्थिर राहावयास हवा तोच आपण हलविला; म्हणून तो उपस्वर उत्पन्नच होऊं नये, आणि त्याचप्रमाणें चौथा व सहावाही होऊं नये. टॉमस यंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८०० च्या सुमारास हा नियम सांगितला, आणि १८६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या नादविषयक ग्रंथानें हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन पंडितानें त्या सर्व विषयास शास्त्राची प्रतिष्ठा दिली. नियम गणितानें सिद्ध आहे. प्रयोगशाळेंतल्या तारेवर तो पडताळून पाहतां येतो.

रामन यांच्या १९२१ च्या लेखाचें सौंदर्य हें कीं, त्याची सुरुवात ह्या नियमाच्या भंगापासून होते. तंबोऱ्याची तार आपण जवळजवळ मध्याशींच छेडतों. नियमाप्रमाणें तिच्यांतून वरचा षड्ज ऐकूं येतां कामा नये, आणि तो तर ठणठणीत ऐकूं येतो. रामन यांनीं प्रयोग केला तो घरीं कोणालाही करून पाहतां येईल इतका साधा आहे. एखाद्या उपस्वराच्या स्थिर बिंदूवरच तार छेडावयाची, आणि लागलीच त्याच बिंदूवर बोट टेकावयाचें. साध्या घोडीच्या वाद्यावर असें केलें असतां आवाज विझून जावयास हवा, कारण त्या बिंदूस ज्यांची हालचाल हवी ते स्वर बोटानें दाबले आणि उरलेले मुळांत उठलेच नाहींत. तंबोऱ्यावर मात्र जो उपस्वर उठावयास नको होता तोच बोटाखालून गात राहतो.

कारण तंबोऱ्याच्या घोडींत आहे. विलायती वाद्यांची घोडी धारेसारखी. तार तिच्यावर एका रेषेवर टेकते. आमची घोडी रुंद, तिचा पृष्ठभाग किंचित् बाकदार, आणि त्यावर तारेखालीं सरकविलेला सुताचा दोरा. त्या दोऱ्यानें तार इतकीच उचलली जाते कीं, हलतांना ती घोडीच्या पाठीस घांसून, पुन्हां पुन्हां टेकून जावी. टेकण्याची जागा क्षणोक्षणीं पुढें-मागें होते. म्हणजे कंप चालू असतां तारेची लांबीच बदलत राहते. ह्या टेकण्यामुळें मूळ कंपाचें बळ उपस्वरांत वांटलें जातें, आणि जे नियमानें मुके राहावयाचे तेही बोलूं लागतात. हीच जवारी. ह्या शब्दाचें नातें 'जीव' शब्दाशीं जोडतात. व्युत्पत्ति कशीही असो, अनुभव तसाच आहे. दोरा काढून घ्यावा, म्हणजे तीच तार, तोच भोंपळा, तीच खुंटी असूनही तंबोरा बोद वाजूं लागतो.

येथें एक अवांतर, परंतु आवश्यक गोष्ट सांगितली पाहिजे. तार स्वतः फार बारीक. ती हवेस कापीत जाते, हलवीत नाहीं. तिचा कंप घोडीवाटे तबलीस पोंचतो, आणि तबलीचा रुंद पृष्ठभाग व भोंपळ्यांतली हवा त्याला बाहेरच्या जगांत सोडतात. म्हणून घोडी ही नुसती तारेची बैठक नव्हे. तारेनें जें काय सांगावयाचें तें सर्व तिच्याच तोंडून बाहेर पडतें.

तालवाद्यांवरील लेखांत प्रश्न उलट दिशेनें येतो. तारेचे उपस्वर जात्याच सुसंबद्ध. ताणलेल्या गोल कातड्याचे तसे नाहींत. त्याचीं कंपनें १ : १.५९ : २.१४ : २.३० अशा प्रमाणांत पडतात, आणि ह्या आंकड्यांत स्वरांचें कसलेंच घराणें नाहीं. म्हणून साध्या कातड्याचें वाद्य ताल देतें, परंतु षड्ज देत नाहीं. आमच्या नाशिक ढोलाचेंच पाहा. त्याचें बळ स्वरांत नाहीं, खोल आघातांत आहे. सेकंदाला १०० कंपनांच्या ध्वनीची एकेक लाट सुमारें ३.४ मीटर लांब असते. एवढी लांब लाट घराच्या कोपऱ्याला वळसा घालून जाते. ताशाची आंखूड लाट तितकी वळत नाहीं. म्हणून जुन्या नाशकाच्या अरुंद गल्ल्यांत मिरवणूक वळणापलीकडे असते तेव्हां आधीं ढोल पोंचतो, आणि वळण आल्यावर ताशा उघडा पडतो. ढोलाकडून स्वराची अपेक्षा करणें हाच अरसिकपणा होय.

परंतु पखवाज आणि तबला यांचें तसें नाहीं. ते षड्जांत मिळविले जातात, आणि मिळतात. बेसूर जातीच्या कातड्याला हा सुरेलपणा आला कोठून? रामन यांनीं कातड्यावर बारीक वाळू पसरून कंपांच्या आकृत्या पाडल्या आणि उत्तर डोळ्यांस दाखविलें. मधोमध दिलेली शाई कातड्याला वजन आणते. तें वजन मध्यावर जास्त आणि कडेकडे कमी. त्यामुळें कंपांच्या विस्कळित पायऱ्या सरकून जवळजवळ १ : २ : ३ : ४ : ५ ह्या प्रमाणांत येऊन बसतात. १९३४ च्या लेखांतला निष्कर्ष असा कीं, पहिले नऊ कंपप्रकार मिळून पांचच स्वर देतात, आणि ते पांचही तारेच्या उपस्वरांप्रमाणें एकाच मालिकेंतले असतात. कातड्यानें तारेचा धर्म घेतला, असें म्हणावयास हरकत नाहीं. तबलजी अनामिका कातड्यावर हलकेच ठेवून 'ना' वाजवितो तेव्हां पहिला कंप दबतो आणि वरचे मोकळे होतात. त्याला हें गणित ठाऊक नसेल. बोटाला ठाऊक आहे.

रामन यांच्या लेखांत नसलेलें, परंतु आमच्या गांवांत असलेलें तिसरें उदाहरण येथें जोडावेंसें वाटतें. गोदाकांठीं नारोशंकर राजेबहादूर यांनीं १७४७ सालीं बांधलेल्या रामेश्वराच्या देवळावर एक मोठी घंटा आहे. १७३९ सालीं वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून आलेली ही घंटा. तिच्यावर १७२१ हा सन आहे. घंटेचीही प्रकृति कातड्यासारखीच. तिच्या कंपांत जन्मतः मेळ नसतो. युरोपांतील ओतार्‍यांनीं शतकानुशतकें भिंतीची जाडी कमी-अधिक करून, आंतून धातु खरवडून तो मेळ आणण्याची विद्या कमावली. उत्तम साधलेल्या विलायती घंटेंत मंद्र षड्ज, षड्ज, कोमल गांधार, पंचम आणि तार षड्ज असे स्वर एकदम उठतात. त्यांतल्या कोमल गांधारामुळें तिच्या नादाला तो परिचित उदासपणा येतो. तंबोऱ्याचा गांधार शुद्ध आणि घंटेचा कोमल, हा दोन धातूंतला भेद नव्हे, दोन आकारांतला भेद आहे.

आतां तिन्ही उदाहरणें शेजारीं ठेवून पाहावीं. तंबोऱ्यांत घोडी घांसली, तबल्यांत शाई चढविली, घंटेंतून धातु काढला. निसर्गानें दिलेला कंप जसाच्या तसा कोठेंच घेतलेला नाहीं. कोणीतरी माणूस तेथें बसला होता. त्यानें ऐकलें, थोडें घांसलें, पुन्हां ऐकलें. शास्त्राचीं पुस्तकें वाद्याचा नाद म्हणजे निसर्गनियमाचें फळ असें सांगतात; रामन यांचे लेख वाचून आमचें मत असें झालें आहे कीं, तो नियमाशीं केलेल्या दीर्घ वाटाघाटीचें फळ आहे. हें त्यांच्या लेखांचें मोठेंच श्रेय मानलें पाहिजे.

परंतु परीक्षकाला दोषही सांगणें प्राप्त आहे. पहिला दोष त्रोटकपणाचा. तंतुवाद्यांवरील लेख कारणाकडे बोट दाखवितो आणि थांबतो. घोडीचा बाक किती असावा, दोरा सूतभर पुढें सरकला तर काय होतें, तार विझत जातांना उपस्वरांचें बळ एकाकडून दुसऱ्याकडे कसें जातें, ह्यांचा विचार पुढच्या संशोधकांवर पडला, आणि त्यांतला बराचसा यंत्रांच्या साहाय्यानें फार अलीकडे झाला.

दुसरा दोष आमच्या मतें अधिक गंभीर आहे. ह्या सर्व चातुर्याचें श्रेय कोणास द्यावयाचें? रामन यांनीं १९२२ सालीं लिहिलेल्या एका निबंधाचा मथळाच 'प्राचीन हिंदूंचें ध्वनिविषयक ज्ञान' असा आहे. ह्या श्रेयाला आधार नाहीं असें नव्हे. पुष्करवाद्यांना नदीकांठची माती लावून स्वर साधण्याचा विधि भरताच्या नाट्यशास्त्रांत आहे. परंतु नदीची माती आणि आजची शाई यांमध्यें किती पिढ्या गेल्या! लोखंडाची पूड खळींत कालवून, थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडानें घोटण्याची ही कला भरताची नव्हे. आणि तबला हें वाद्य तर अठराव्या शतकांत पुढें आलेलें. जें ज्ञान एखाद्या दुकानांत रोज सकाळीं नव्यानें वापरलें जातें, त्याला 'प्राचीन' म्हणून नमस्कार केला कीं, दुकानांतल्या माणसाला कांहीं विचारावयाचें उरत नाहीं. लेखांत तार आहे, घोडी आहे, दोरा आहे. दोरा सरकविणारा हात मात्र नांवानिशीं कोठें नाहीं.

हा हात कोणाचा, हें महाराष्ट्रानें तरी विसरूं नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेस फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधु यांनीं तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना पाणी व धार देणारे. तरवारींचे दिवस सरले आणि तोच हात तंबोऱ्याच्या घोडीकडे वळला. पंढरपूरच्या बाजूचे भोंपळे, तुणाचें लांकूड, आणि पिढीजात कानस एवढ्या सामग्रीवर मिरजेचें नांव सर्व हिंदुस्थानांत झालें. जवारी काढणारा कारागीर कानस एकदां फिरवितो, तार चढवितो, ऐकतो, उतरवितो, पुन्हां कानस फिरवितो. त्याच्याजवळ शब्दही आहेत: जवारी खुली, बंद, गोल. उपस्वरांच्या बळाचे आलेख काढून आजचा शास्त्रज्ञ जो भेद दाखवील, तोच भेद हे शब्द दाखवितात. ज्या भाषेंत असे शब्द आहेत, त्या भाषेंतल्या टीकाकारांनीं 'काळजाला भिडणारा स्वर' ह्यापलीकडे जाऊं नये, ही लाजेची गोष्ट आहे.

शास्त्र आणि संगीत यांची गांठ घालण्याचा दुसराही एक प्रयत्न आमच्याच प्रांतांत, रामन यांच्याही आधीं झाला होता. त्याचें स्मरण येथें केलें म्हणजे रामन यांची योग्यता अधिक स्पष्ट होईल. मिरजेच्या शेजारीं सांगलीस कृष्णाजी बल्लाळ देवल ह्या सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टरांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत ग्रंथ लिहिला. खांसाहेब अब्दुल करीम यांनीं गावें आणि देवलांनीं तारेच्या लांबीवरून स्वरांचीं प्रमाणें काढावीं, असा तो उद्योग. आमच्याकडे गवयाच्या गळ्याला माप लावण्याचें धाडस त्यापूर्वीं इतक्या निष्ठेनें क्वचितच कोणी केलें असेल, आणि त्याबद्दल देवलांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु पुढें त्या प्रमाणांवरून, ई. क्लेमेंट्स ह्या न्यायखात्यांतील अधिकाऱ्याच्या सहकार्यानें, श्रुतींची पेटी बनली; आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत ती पेटी आणि गवयांचा गळा ह्यांचें जमेना. पंडित भातखंडे यांचा विरोध होताच. आम्हांला त्या वादाचा निवाडा करावयाचा नाहीं. पद्धतींतला भेद तेवढा दाखवावयाचा आहे. देवलांनीं ऐकून माप घेतलें, आणि मग त्या मापानें ऐकणें ठरवूं पाहिलें. रामन यांनीं मापाचा नियम घेतला, आणि कानाला तो खोटा वाटला तेथें नियमालाच जाब विचारला. तंबोऱ्यांतून जें ऐकूं येतें तें येऊं नये, असें त्यांनीं एकदांही म्हटलें नाहीं. कलेच्या दाराशीं शास्त्रानें कसें उभें राहावें, ह्याचा हा नमुना होय.

हा सर्व विचार आजच कां, असें कोणी विचारील. पंचवटींत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं आयुष्याच्या उत्तरार्धांत रामनाम आधाराश्रम चालविला, त्या काळीं गाणें शिकावयाचें म्हणजे आधीं तंबोरा मिळवावयास शिकावें लागे. आतां गेल्या चाळीसपंचेचाळीस वर्षांत विजेचा तंबोरा आला, आणि त्याच्यामागून तो टेलिफोनच्या यंत्रांतही जाऊन बसला. त्याची निंदा करण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. द्वारकेच्या दोन खोल्यांच्या घरांत चार फूट लांबीचें वाद्य ठेवावें कोठें, आणि त्याची जवारी बिघडली तर मिरजेस न्यावें कोणी, ह्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु ह्या नव्या तंबोऱ्याला घोडी नाहीं, दोरा नाहीं. त्याची जवारी कधीं उतरत नाहीं, म्हणून ती कधीं लावावीही लागत नाहीं. त्याच्यासमोर वाढलेल्या मुलाला सुरेल स्वर मिळतो, परंतु बोद स्वर खुला होत जातांना ऐकण्याची संधि मिळत नाहीं. कानाचें शिक्षण नेमकें त्याच संधींत होत असे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मानांकनानें नांवाचें रक्षण होतें, हाताचें होत नाहीं. हाताचें रक्षण गिऱ्हाइकानें आणि शिष्यानें करावयाचें असतें.

आमची सूचना लहानशी आहे. महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञानाच्या वर्गांत तारेचे नियम शिकविण्यासाठीं जी पेटी ठेवितात, तिच्या शेजारीं एक तंबोरा ठेवावा. पेटीवर यंगचा नियम खरा करून दाखवावा, तंबोऱ्यावर तो मोडून दाखवावा, आणि दोन्ही कां घडतें तें विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावें. संगीतशाळांत रामन यांच्या ह्या लेखांचें चांगलें मराठी भाषांतर वाचलें जावें. आणि हें करतांना जवारी काढणाऱ्या एखाद्या कारागिराला वर्गांत बोलावून, त्याला मानानें खुर्ची देऊन, त्याचे शब्द लिहून घ्यावे. रामन यांनीं जें अर्धें सोडलें तें पुरें करण्याचा हाच मार्ग आम्हांस दिसतो.

ह्या लेखांत रामन यांनीं कोठेंही आवाज चढविलेला नाहीं. स्वदेशाच्या अभिमानाची संधि असतांही आधीं प्रयोग आणि मग निष्कर्ष हा क्रम त्यांनीं सोडला नाहीं. श्रेयाच्या बाबतींत त्यांची दृष्टि दूरच्या भूतकाळाकडे गेली आणि जवळचा माणूस सुटला, हें वर सांगितलेंच आहे. तरीही एका सुताच्या दोऱ्यापुढें युरोपमान्य नियमाला थांबवून त्याचें म्हणणें ऐकणारा असा परीक्षक आमच्या संगीताला दुसरा मिळालेला नाहीं. ज्यांच्या घरीं अजून तंबोरा आहे त्यांनीं हे लेख मिळवून वाचावे, आणि वाचल्यावर दोरा काढून, पुन्हां घालून, स्वतःच्या कानानें त्यांचा पडताळा पाहावा.

द्वारका, नाशिक